वहिनीच्या पेजेचा काही दोष नव्हता

माझी वहिनी सगळं गाळून घेते. चहा तर सगळेच गाळतात. ही वरणाचं पाणी, ताक, नारळाचं पाणीसुद्धा पांढऱ्या फडक्यातून गाळते. पेज मात्र तिने कित्येक वर्षांत केलेली नाही. आमचं मूळ गाव रायगडातलं. तापापासून बाळंतपणापर्यंत आमच्या आईचं एकच औषध होतं, ऊन पेज आणि तिच्यात मिठाचा खडा. अंबरनाथला आल्यावरही ते सुटलं नव्हतं. ते वहिनीने बंद केलं. कुणी विचारलंच तर बाकीचे नातेवाईक आवाज खाली घेऊन सांगतात, की पेजेत राहिलेल्या शितांमुळे माझ्या मोठ्या भावाचा आजार पहिल्या तपासणीत दिसला नाही.

हे खरं नाही. आणि खरं नाही हे सांगू शकेल असा मी एकटाच उरलोय. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत आम्ही तिघं होतो आणि एक आत-बाहेर करणारी बाई. दादा टेबलावर कुशीवर झोपला होता, तो गेला. डॉक्टर आता कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. तिसरा मी.

मी टीव्ही दुरुस्त करायचो. राहायला अंबरनाथला, दुकान उल्हासनगरला. दुकान माझं नव्हतं, एका सिंधी शेठचं होतं. मी त्याच्याकडे तरुणपणी लागलो आणि केस पिकेपर्यंत राहिलो. जुन्या सेटची पिक्चर ट्यूब थकली की तिच्यात नवी गन, म्हणजे चित्र उमटवणारा मागचा भाग, बसवून आम्ही ती पुन्हा चालती करायचो. अशा ट्यूबची एक खोड असते. तिचा लाल रंग पसरतो, स्वस्त कपड्याचा रंग धुताना फुटावा तसा. म्हणून दुरुस्त झालेला सेट गिऱ्हाइकाला देण्याआधी मी लाल थोडा खाली आणि उजेड थोडा वर करून द्यायचो. चित्र मऊ दिसायचं. शेठ म्हणायचा, "गिऱ्हाईकला असली कलर, नकली कलर समजत नाय रे. हिरोईनचा गाल गुलाबी दिसला पायजे. बस, खूश होऊन जातो." गिऱ्हाईक खरंच खूश व्हायचं. बोटांना इतकी सवय झाली होती, की दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलो तरी तिथल्या टीव्हीचा लाल मी न विचारता खाली करून यायचो.

दादाची पहिली तपासणी झाली त्या वर्षी जुलैमध्ये उल्हास नदी बदलापूरला मांजर्लीत घराघरांत शिरली. तिथे तळमजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. नळीच्या टोकाला कॅमेरा असलेल्या दुर्बिणीने ते पोटाची आणि आतड्याची तपासणी करायचे. पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी दुर्बीण आणि तिचं यंत्र उचलून वर नेलं. जड मॉनिटर राहिला. पाणी ओसरल्यावर कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि मी तो उघडून बघायला गेलो. आत गाळ, आणि गाळात एक छोटा खेकडा. मी हात टेकले.

"नवीन मागवलाय," डॉक्टर म्हणाले, "पण यायला महिने लागतील. तोवर पेशंटना काय सांगू?"

माणूस सज्जन होता. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ, आणि तिच्याखाली खुर्ची टाकून ते रोग्यांची नाडी बघत होते. मी म्हणालो, मी सोय करतो. दुकानातला गन बदललेला एक चांगला सेट मी त्यांना नेऊन बसवला. त्यांच्या यंत्रातून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगवेगळ्या वायरींनी बाहेर यायची सोय होती. घरच्या टीव्हीला ते चालत नाही. त्याला एकच पिवळी पिन. मी सगळं त्या एका वायरीतून आणलं. चित्र आलं. डॉक्टरांनी नळीचं टोक स्वतःच्या तळहातावर धरलं, तर पडद्यावर तळहात मेंदी काढल्यासारखा लाल.

"हे फार लाल आहे हो. मी नातेवाइकांना बोलावून दाखवतो कधीकधी. ते घाबरतील."

"करतो कमी," मी म्हणालो. बोटांना ते सांगावं लागलं नाही.

"वा," ते म्हणाले. "आता एकदम छान."

बदलापूरहून अंबरनाथला परत येताना मी आनंदात होतो. टीव्हीचा मेकॅनिक, पण आज डॉक्टरी यंत्राला हात लावला, असं काहीतरी मनात होतं.

दादाला मधूनमधून शौचातून रक्त जात होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीने ओळखलं. वडील गेले तेव्हा दादा नुकता अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात चिकटला होता, आणि त्याने मला आयटीआयला घातलं. तो मला कधी नावाने हाक मारायचा नाही, 'मेकॅनिक' म्हणायचा. थट्टा असायची, पण दुसऱ्यांसमोर म्हणताना तिच्यात मला थोडा अभिमानही ऐकू यायचा. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की "मूळव्याध आहे रे, आपल्या बापालापण होती" म्हणून विषय संपवायचा. मीच मागे लागलो. म्हणालो, "माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. पडदा तर मीच बसवलाय."

"म्हणजे माझं पोट तुझ्या टीव्हीवर?" तो म्हणाला. "मग तिकीट लाव."

तपासणीच्या आदल्या दिवशी पावडर घातलेलं पाणी मोठा जग भरून प्यायचं होतं, आणि दवाखान्यातल्या बाईने सांगितलं होतं, खायला फक्त पातळ. संध्याकाळी वहिनीने शेजारच्या दुकानातून मला दुकानावर फोन केला.

"भाऊजी, यांना पोटात आग पडलीय म्हणतात. पेज चालेल का?"

मी डॉक्टरांना विचारलं नाही. म्हणालो, "पातळ म्हणजे आणखी काय असतं, वहिनी? द्या. गाळून द्या."

पेज चालेल हे मी सांगितलं होतं. वहिनीने पुढे कधी, कुणासमोरही, "भाऊजींनी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही.

सकाळी मी दोघांना रिक्षाने मांजर्लीला नेलं. रात्रभराच्या फेऱ्यांनी दादा चुरगळला होता, पण तोंड चालू होतं. "मेकॅनिक, टाकी आतून अशी धुतलीय की म्युनिसिपालटीने पाणी सोडावं." वहिनी बाहेर बाकावर बसली. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही आत थांबा. चित्र मध्येच वर-खाली होतं, जरा लक्ष ठेवा."

म्हणून मी आत होतो. भाऊ म्हणून नाही, पडद्याचा माणूस म्हणून.

दादाला थोडी गुंगी दिली होती, तरी तो बोलत होता. "काय लागलंय रे? बातम्या का सिनेमा?" डॉक्टर हसले, म्हणाले, "काका, पोट सैल सोडा." पडद्यावर गुलाबी बोगदा पुढे पुढे जात होता, वळत होता, वळ्या उघडत होत्या. आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले, "छान साफ झालंय. इतकं साफ मला क्वचित मिळतं."

हे त्यांचे शब्द आहेत. मी ते एकट्याने ऐकले आणि एकट्याने ठेवून घेतले. पेजेची शितं त्या आतड्यात कुठेही नव्हती. असती तर पांढरी दिसली असती, माझ्या टीव्हीवरसुद्धा दिसली असती, कारण पांढरा रंग तो उत्तम दाखवायचा.

खरी तपासणी नळी मागे घेताना होते, हे मला तिथेच कळलं. आत जाताना वाट काढायची, परतताना बघत यायचं. डॉक्टर बघत बघत येत होते. डाव्या बाजूला बरगडीखाली आतडं जिथे वळतं, तिथे ते थांबले. पडद्यावर खाली उजव्या बाजूला एक जागा बाकीच्यापेक्षा किंचित मळकट होती. उंचवटा नव्हता. धुतलेल्या चादरीवर चहाचा जुना डाग राहतो तेवढीच. त्यांनी मान पुढे घेतली.

"हे काय आहे?"

ते स्वतःला विचारत होते की मला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी उत्तर दिलं.

"ट्यूबचा डाग आहे, सर. स्टॅबिलायझर पडद्याला चिकटून ठेवलाय ना, त्याने पडतो. मी परवाच बघितला होता. कॉइल फिरवली की जाईल."

"नक्की?"

"हो, सर."

नळी मागे आली. पुढे सगळं गुलाबी होतं.

मी खोटं बोललो नव्हतो, हेही लिहायला हवं. त्या ट्यूबवर डाग खरोखरच होता. लोखंडी वस्तू किंवा चुंबक पडद्याजवळ राहिला की त्या बाजूचे रंग बिघडतात, ट्यूबचा टीव्ही वापरलेल्या सगळ्यांना हे आठवत असेल. परवा, दवाखाना रिकामा असताना, मी तो डाग खाली उजव्या कोपऱ्यात बघितला होता. पण काचेवरचा डाग आणि चित्रातला डाग यांत फरक कसा करायचा हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात कळतं. चित्र हललं की चित्रातला डाग हलतो. काचेवरचा जागेवर राहतो. मला फक्त एक श्वास थांबायचं होतं. नळी जराशी मागे येईपर्यंत. तो डाग हलला की नाही, हे बघायचं होतं.

मी बघितलं नाही. बोललो आणि दादाच्या तोंडाकडे वळलो, कारण तो पुन्हा काहीतरी विनोद करत होता.

डॉक्टरांनी मूळव्याधीची औषधं दिली. वहिनीने बाकावरून उठून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून 'काही नाही' म्हणून सांगितलं, आणि ती तिथेच पुन्हा खाली बसली. रविवारी दादाने मटण आणलं. पुढच्या आठवड्यात मी कॉइल घेऊन मांजर्लीला गेलो. ही एक गोल रिंगण केलेली वायर असते. वीज सोडून ती पडद्यासमोर फिरवली की रंग पाण्यासारखे डचमळतात आणि डाग निघून जातो. कोपऱ्यातला डाग निघून गेला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसंच निघालं." मला बरं वाटलं. मी तिथे चहाही प्यायलो.

तिसऱ्या वर्षी दादाचा चेहरा पिवळा पडायला लागला. जिना चढताना मधल्या पायरीवर टेकायचा. मग पोट फुगायचं, उतरायचं नाही. बदलापूरचे डॉक्टर तोवर दवाखाना विकून दुसरीकडे गेले होते, म्हणून आम्ही त्याला कल्याणला एका नव्या केंद्रात नेलं. वहिनी, मी आणि शहाडहून आमची आक्का, आम्हा भावंडांत सगळ्यांत मोठी, जिच्यापुढे दादासुद्धा चप्पल काढून उभा राहायचा.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांचा पडदा सपाट होता, आणि त्यावर मी आधी आजार नाही, चित्रच बघितलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. आतड्याच्या भिंतीवरच्या बारीक शिरा पिंपळाच्या वाळलेल्या पानासारख्या एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट होत्या. मग त्यांनी दुसरं चित्र लावलं. म्हणाले, नळीवर एक बटण आहे, ते दाबलं की प्रकाशातला लाल काढून टाकतो, निळा-हिरवा तेवढा उरतो. त्या प्रकाशात सगळी भिंत फिकट पडली होती, आणि गाठीच्या शिरा आणि तिच्या कडा तपकिरी होऊन वर आल्या होत्या.

लाल तेही काढत होते. मीही काढला होता. त्यांनी डाग उठून दिसावा म्हणून तो काढला, आणि मी सगळं एकसारखं दिसावं म्हणून.

गाठ डाव्या बाजूला होती. बरगडीखाली, आतडं वळतं तिथे.

"हे असं एका दिवसात होत नाही," डॉक्टर सांगत होते. "आधी साधा पॉलिप असतो, छोटासा कोंब. काही पॉलिप देठावर उभे असतात, ते कुणालाही दिसतात. काही सपाट असतात, भिंतीला ओल आल्यासारखे. ते चुकतात. तेव्हा सापडला असता तर तिथल्या तिथे काढता आला असता." मग कागद उलटत त्यांनी विचारलं, "आधी तपासणी झाली होती ना? तेव्हा पोट नीट साफ झालं होतं का?"

आक्का म्हणाली, "आदल्या रात्री हिने पेज दिली होती."

"नुसतं पाणी, की शितंपण?"

वहिनीने पदर सारखा केला. "गाळली होती. थोडी राहिली असतील."

"हं," डॉक्टर म्हणाले. "मग असं होऊ शकतं. उरलेल्या अन्नाखाली हे झाकलं जातं."

ते आरोप करत नव्हते. पुढच्या क्षणी ते ऑपरेशनच्या तारखेबद्दल बोलत होते. पण आक्काची नजर वहिनीवर गेली ती तिथेच राहिली, आणि वहिनी जमिनीकडे बघू लागली.

मी तिथे उभा होतो. 'छान साफ झालंय, इतकं साफ मला क्वचित मिळतं' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते बाहेर आलं असतं तर पुढचा प्रश्न कुणीही विचारला असता. साफ होतं, तर मग दिसलं का नाही? मी गप्प राहिलो. पुढची सगळी वर्षं त्या गप्प राहण्याचीच आहेत.

नंतर एकदा मी त्या डॉक्टरांना एकटा गाठून विचारलं, "पडद्याचे रंग बरोबर नसतील तर असं चुकू शकतं का?"

"काका, आमचं अर्धं काम रंगावरच चालतं. थोडं लाल, थोडं फिकं, शिरा तुटलेल्या की अखंड."

"म्हणजे आधीच्या वेळी रंगामुळे..."

"ते कसं सांगणार? तेव्हाचे कॅमेरेच साधे होते. चांगल्या कॅमेऱ्यातूनही चुकतात. कदाचित तेव्हा तो दिसण्याइतका नसेलही." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही का विचारताय?"

"टीव्हीचं काम करायचो, म्हणून."

"अच्छा," ते म्हणाले. त्यांचा पुढचा रोगी आत येत होता.

त्या 'कदाचित'मध्ये मी कितीतरी वेळा आसरा शोधलाय. टिकत नाही. तेव्हा तो दिसण्याइतका नसेल, तर मग डॉक्टर त्या वळणावर थांबले कशाला?

ऑपरेशन झालं, पण आजार पुढे गेला होता. दादा काही महिने अंबरनाथच्या घरात खिडकीखालच्या पलंगावर होता. तोंडाची चव गेली होती, विनोद गेला नव्हता. एका दुपारी मी जवळ बसलेलो असताना तो स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाला, "अगं, पेज कर ना. चांगली शितं घालून कर. आता कोण तपासतोय?"

त्याने ते तिला हसवायला म्हटलं होतं. मला माहीत आहे, कारण लगेच त्याने मला डोळा मारला. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग वहिनी बाहेर आली ती मोसंबीचा रस घेऊन, आणि रसात एक रेषा नव्हती. दादाने पेला घेतला, तिच्याकडे बघितलं आणि सगळा रस संपवला. त्याला सांगायची ती वेळ होती. तो नुसता हसला असता. "तिकीट परत कर, मेकॅनिक," म्हणाला असता. मी उशी सारखी केली आणि दुकानावर गेलो.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना संपून लोक जेवायला बसत असताना, आक्का बायकांत बसून म्हणाली, "एक रात्र भाताशिवाय राहवलं नसतं का? एक रात्र." ती रडत म्हणाली, वाईट बुद्धीने नाही. तिचा धाकटा भाऊ गेला होता. वहिनी वाढत होती. तिने हातातली भाजी पानात वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली. तिच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, ते ऐकलं. तेव्हापासून तो आईशी वाईट वागला असं नाही. पण तिच्या हातचं तो आजारपणात काही मागत नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे.

मी मांजर्लीला एकदा जाऊन आलो. तो टीव्ही परत बघायचा होता. काय बघणार होतो कुणास ठाऊक. डाग तर मीच घालवला होता. दवाखान्याच्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं. नवीन मालक म्हणाला, जुना टीव्ही होता एक, भंगारवाल्याला दिला. भिंतीवरची पुराची रेघ रंगाखाली गेली होती. शेठकडे मी पुढे काही वर्षं काम केलं, मग सपाट पडदे आले आणि ट्यूबचं काम संपलं. शेठने निरोप देताना पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तेरे जैसा कलर किसी ने नहीं लगाया." मी त्याच्या पाया पडून बाहेर आलो.

दर रविवारी मी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आलो की माझा आवाज बारीक होतो. मी खोटं कधी बोललो नाही, असा हिशेब मी मनाशी पुष्कळ वर्षं मांडला. पण मी न बोलल्यामुळे एक खोटं माझ्या घरात जेवतंय, झोपतंय, आणि त्याचं ओझं वहिनी उचलते आहे.

बापाला हा आजार झाला असेल तर मुलांनीही तपासून घ्यावं, असं कल्याणच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पुतण्या आज-उद्या करत राहिला. चाळिशी उलटली आणि त्याच्या बायकोने हट्ट धरला, तेव्हा या हिवाळ्यात त्याने बदलापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तारीख घेतली. मला म्हणाला, "काका, आता टेन्शन नाय. आता कॉम्प्युटर स्वतःच संशयाच्या जागेभोवती चौकोन काढतो." मी विचारलं, चौकोन आला आणि कुणी म्हटलं हा पडद्याचा डाग आहे, तर? तो हसला. "काका, तुमच्या जमान्यात राहिलात तुम्ही."

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. पुतण्या बाहेरच्या खोलीत पावडरचं पाणी पीत तोंड वाकडं करत होता. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. शहाळ्यांचं पाणी पातेल्यात काढलं होतं, आणि ती ते फडक्यातून गाळत होती. गाळलेलं पुन्हा दुसऱ्या पातेल्यात, पुन्हा फडक्यातून. तिच्या बोटांत आता पकड नाही. फडकं एका बाजूने घसरायचं, ती ते पुन्हा बसवायची. नारळाच्या पाण्यात काय असणार होतं?

मी दाराशी उभा राहून बोललो. आधी तयारी केली असती तर बोललो नसतो.

"वहिनी, दादाच्या वेळी पोट साफ होतं. डॉक्टर म्हणाले होते, छान साफ झालंय. मी तिथे होतो. तुमच्या पेजेने काही झालं नाही. डॉक्टरांना एक जागा दिसली होती. ते थांबलेही होते. मी म्हटलं, हा टीव्हीचा डाग आहे. म्हणून ते पुढे गेले."

तिने वळून बघितलं नाही. पाणी फडक्यातून थेंबथेंब खाली पडत राहिलं.

"शितं होती, भाऊजी," ती म्हणाली.

"असतील. पण त्याने..."

"मी गाळायला घेतली तर हे म्हणाले, राहू दे चार शितं, नुसतं पाणी जात नाही. मी राहू दिली. तुम्ही गाळून द्या म्हणाला होतात."

"वहिनी, ती आतड्यात राहिली नव्हती. मी बघितलंय. साफ होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात? आक्का बोलल्या तेव्हा?"

उत्तराची तिने वाट बघितली नाही. तिने फडक्याची पुरचुंडी पिळली, उघडून उजेडाकडे धरली. फडकं कोरं होतं.

"मी काय करू आता हे ऐकून?" ती म्हणाली. रागाने नाही. खरोखरच विचारल्यासारखं. "पंधरा-वीस वर्षं मला वाटतंय मी मारलं. आता तुम्ही म्हणता तुम्ही. ते तर गेलेच ना."

बाहेरून पुतण्याने आवाज दिला, "आई, झालं का? पुढचा ग्लास प्यायची वेळ झाली."

"आणते," ती म्हणाली. त्याला हे सांगावं का, मी विचारलं. आक्काला सांगावं का. ती म्हणाली, आक्का आता नव्वदीला टेकलीय, तिला ऐकूही येत नाही. मुलाचं तिने काही सांगितलं नाही. त्याला सांगायचं ते मी या कागदांवर सांगतोय, आणि पहिली प्रत त्यालाच देणार आहे. त्याने वाचून काय करावं हे मला सांगता येणार नाही.

ती फडकं पुन्हा पातेल्यावर बसवू लागली. ते पुन्हा घसरलं.

"हे टोक धरा," ती म्हणाली.

मी पुढे होऊन टोक धरलं. तिने उरलेलं पाणी हळूहळू ओतलं, आणि आम्ही दोघं फडक्याकडे बघत उभे राहिलो.